पट्ट्याखालची मान

जुलैतला पाऊस दोन-तीन दिवस न उघडता कोसळला की अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतल्या जनावरांच्या दवाखान्यांत एक ठरावीक तक्रार यायला लागते. टोपलीतून मांजर बाहेर निघतं. गळ्यात लाल नाहीतर निळा पट्टा, पट्ट्याला छोटंसं घुंगरू. डॉक्टर पट्टा सोडतात आणि सोबत आलेली मंडळी एकदम गप्प होतात. मानेभोवती बोटभर रुंदीचं कडं पडलेलं असतं. केस गेलेले, कातडी लालसर, कुठे खपली धरलेली, कुठे अजून ओल. पट्टा कित्येक महिन्यांपूर्वी कौतुकानं घातलेला असतो आणि त्यानंतर तो काढून खाली पाहायचं कुणाला सुचलेलंच नसतं.

मांजरांच्या मानेवर हे कडं सर्रास दिसू लागलं ते उपनगरांत इमारती उभ्या राहिल्यावर. त्याआधी इथल्या बहुतेक मांजरांच्या गळ्यात काही बांधलेलंच नसे. पण माणसानं बांधलेल्या वस्तूखाली जनावराची कातडी सोलवटते, हे या भागाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. ते शिकवलं बैलानं.

आज जिथे मुलुंड, बोरिवली, गोरेगावच्या वसाहती आहेत तिथे एकेकाळी भातशेती होती. नांगराला आणि गाडीला जुंपलेल्या बैलाच्या मानेवर जू रोज घासायचं. आधी केस जायचे, मग कातडी जाड व्हायची, सूज यायची आणि दुर्लक्ष झालं तर जखम व्हायची. शेतकरी याला खांदेसूज म्हणतो. ‘बैलाचा खांदा आला’ असं कुणी म्हटलं की त्या बैलाला विश्रांती द्यायची, हे वेगळं सांगावं लागत नसे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण होते. बैलाचा खांदा गरम पाण्यानं शेकायचा, त्याला हळद आणि तूप किंवा लोणी चोळायचं. विदर्भात पळसाच्या पानांनी खांदा शेकतात. सणाच्या दिवशी शिंगांना बेगड लागते, पाठीवर झूल चढते, गळ्यात घुंगरमाळ येते. पण त्याच्या आधी मान येते. जुवानं झिजवलेल्या जागेवर वर्षातून एकदा तरी माणसाचा हात फिरावा, अशी ही रीत. कृतज्ञता तिच्यात आहेच, शिवाय ती एक वैद्यकीय तपासणीही आहे. चोळताना हाताखाली सूज लागते, गाठ लागते, ओली जखम लागते.

शहरात ही रीत आली नाही. मुंबईत माल वाहणारे बैल आणि गाड्या ओढणारे घोडे भाड्याचे होते. हाकणारा एक आणि मालक दुसरा, आणि जितक्या फेऱ्या तितके पैसे. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. त्याच वर्षी जनावरांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था, म्हणजे बॉम्बे एसपीसीए, स्थापन झाली. जनावरांना जुंपणाऱ्या या शहरात तिचं काम ठरलेलंच होतं. लंगडे घोडे, खोगिराखाली फुटलेल्या पाठी, जुवाखाली सोललेल्या माना. पुढे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावानं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभं राहिलं. २ ऑगस्ट १८८६ रोजी त्याच परिसरात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जेम्स हेन्री स्टील त्याचे पहिले प्राचार्य. बैल-घोड्यांसाठी जन्मलेल्या परळच्या या दवाखान्यात नंतर कित्येक दशकं उपनगरांतली माणसं कुत्री-मांजरं घेऊन जात राहिली, कारण घराजवळ जनावरांचा डॉक्टर असणं ही अलीकडची सोय आहे.

बैलाचं जू कामासाठी होतं. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा मात्र ओळखीसाठी होता, आणि मुंबईत ती ओळख अक्षरशः जीवन-मरणाची होती. १८३२ सालच्या जूनमध्ये कंपनी सरकारनं भटकी कुत्री मारण्याची मोहीम कडक केली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. त्या पैशांसाठी घराच्या ओट्यावरची कुत्रीही उचलली जाऊ लागली, तेव्हा कोटातले, म्हणजे फोर्टमधले, पारशी रस्त्यावर उतरले. कुत्र्याला धर्मविधीत स्थान देणाऱ्या समाजाला हे सहन होणं शक्य नव्हतं. बाजार बंद पडला, दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेदजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं भुलेश्वरजवळ पांजरापोळ स्थापन झालं. मारली जाणारी जनावरं ठेवायला जागा हवी, हे त्यामागचं एक कारण होतं.

त्या दंगलीच्या मुळाशी असलेला प्रश्न साधा होता. हा कुत्रा कुणाचा आहे, हे मारेकऱ्याला कसं कळणार? महापालिकेच्या कायद्यानं त्याचं उत्तर गळ्यात शोधलं. कुत्र्यावर कर बसला, परवाना आला, पट्ट्याला लावायचा बिल्ला आला. गळ्यात पट्टा किंवा मालकीची खूण नसलेला कुत्रा रस्त्यावर सापडला, तर जाहीर नोटिशीनंतर त्याला मारण्याचा अधिकार आयुक्तांना मिळाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मुंबईत भटकी कुत्री विजेचा धक्का देऊन मारली जात. त्या काळात चाळीतल्या पोरांनी एखाद्या कुत्र्याच्या गळ्यात जुन्या कातडी पट्ट्याचा तुकडा बांधला, तर ती हौस नव्हती. कुत्री पकडणारी गाडी आली तर हा आमचा आहे असं सांगायची ती सोय होती. तो तुकडा किती घट्ट आहे, ओला झाल्यावर आकसतो का, पिल्लू वाढल्यावर काय होईल, हे बघायला कुणाला सवड नव्हती. पिल्लाची मान जाड होत जाते, दोरी तेवढीच राहते आणि शेवटी ती कातडीत रुतते. आजही प्राणिमित्रांच्या हाती अशी कुत्री लागतात, आणि रुतलेली दोरी भूल देऊन कापावी लागते.

मांजराला यातलं काहीच लागू नव्हतं. त्याच्यावर कर नव्हता, त्याला परवाना नव्हता, त्याला पकडायला गाडी येत नव्हती. ते कुणाच्याही घरी जेवायचं आणि कुणाच्याही माळ्यावर पिल्लं घालायचं. वेसाव्यात मासळी उतरली की होड्यांच्या आसपास, जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांत दूध काढायच्या वेळी, किराणा दुकानाच्या गोणींवर त्याचं असणं गृहीत धरलेलं होतं. त्याचं काम उंदीर धरण्याचं, आणि या कामाची सरकारदरबारी दखल घेतली गेली ती प्लेगनं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही वर्षांत मुंबईत डॉ. लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे प्रयोगांनी भक्कम केलं. त्याच सुमारास वऱ्हाडात इंडियन मेडिकल सर्व्हिसचे लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन गावोगावच्या मांजरांची गणती करत होते. ज्या गावांत मांजरं भरपूर तिथे प्लेग कमी, असा निष्कर्ष त्यांनी १९०८ च्या सुमारास मांडला आणि मांजरं पाळा असा सल्ला दिला. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, हे आज माहीत आहे. त्यामुळे तो सल्ला जसाच्या तसा कुणी देणार नाही. पण सरकारी डॉक्टरनं घरोघरची मांजरं मोजली, ही गोष्ट राहतेच. त्या मोजणीतल्या मांजराला मोकळी मान ही कामाची गरज होती. गळ्यात घुंगरू वाजत असेल तर उंदीर धरणार कसा?

‘मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार’ ही म्हण मराठीत घरोघरी आहे, आणि तिची गोष्ट उंदरांच्या बाजूनं सांगितली जाते. माणसानं मांजराला घंटा बांधण्याचं कारणच त्या गोष्टीत नाही, कारण उंदीर धरणाऱ्या मांजराच्या मालकाला ती नकोच असते. घंटा बांधली जाते ती मांजराला उंदीर धरावे लागत नाहीत तेव्हा. प्राचीन इजिप्तच्या चित्रांत गळपट्टा घातलेली मांजरं दिसतात. ब्रिटिश म्युझियममधल्या ब्राँझच्या प्रसिद्ध मांजरीच्या कानात आणि नाकात सोन्याची वळी आहेत, गळ्यावर चांदीचा अलंकार आहे. ती देवीची मांजर होती. उपनगरांतल्या मांजरालाही पट्टा मिळाला तो कामकरी जनावराचं लाडकं जनावर झालं तेव्हाच.

हा बदल उपनगरांच्या वाढीबरोबर झाला. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये वेगळा झाला. १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपरचा पट्टा बृहन्मुंबईत आला. १९५७ मध्ये हद्द बोरिवली-दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. १९४९ मध्ये वसलेल्या आरे दूध वसाहतीत शहरातल्या म्हशी हलवल्या गेल्या. मग गृहनिर्माण संस्था आल्या, बैठी घरं पाडून इमारती आल्या. अंगण गेलं, माळा गेला, मागचं दार गेलं. मांजर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आलं आणि दोन वाटांना लागलं. काही मांजरं पूर्ण घरातली झाली, खिडकीला जाळी लावलेल्या फ्लॅटमधली. बाकीची सोसायटीची झाली, जिन्यात झोपणारी, चार घरांत चार नावं असलेली. दोघांच्याही गळ्यात पट्टा आला. घरातल्या मांजराला तो नटवण्यासाठी आणि हरवलं तर सापडावं म्हणून. सोसायटीच्या मांजराला तो ‘याला उचलून कुठे सोडू नका, याला खायला घालणारं कुणी आहे’ हे सांगण्यासाठी. कुत्र्याच्या बिल्ल्याचा अर्थ असा मांजराच्या गळ्यात येऊन पोचला.

पूर्वी अशा वस्तूंसाठी क्रॉफर्ड मार्केट गाठावं लागे. १८६९ पासूनच्या त्या मंडईच्या मागच्या अंगाला पक्षी, मासे, पिल्लं आणि त्यांच्या सामानाची दुकानं आहेत. आता प्रत्येक स्टेशनाजवळ एखादं तरी पेट शॉप असतं आणि बाकीचं मोबाइलवरून घरपोच येतं. मांजराचा म्हणून विकला जाणारा पट्टा बऱ्याचदा कुत्र्याच्या पट्ट्याची बारीक आवृत्ती असतो. तीच नायलॉनची पट्टी, तेच कडक बकल, तीच लोखंडावर मुलामा दिलेली कडी. माप लहान केलं म्हणजे वस्तू मांजराची झाली, असं गृहीत धरलेलं असतं.

पण मांजराची मान म्हणजे कुत्र्याची छोटी मान नव्हे. मांजराच्या कातडीचा वरचा थर फार पातळ असतो, पेशींच्या जेमतेम काही थरांचा. त्यावरचे केस मऊ आणि दाट असतात आणि मांजर ते काटेरी जिभेनं दिवसातून कित्येक वेळा विंचरतं. अंग चाटत असताना मान सतत वळते आणि पट्टा केसांवर मागे-पुढे घासतो. पहिलं नुकसान या घर्षणाचं. केस मुळातून जात नाहीत, मधेच तुटतात आणि पट्टीच्या रुंदीएवढी विरळ वाट तयार होते. कातडी शांत असेल, खाज नसेल, तर बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं. पट्टा काढला की काही आठवड्यांत ती वाट भरून येते.

दुसरं नुकसान ओलीचं. मुंबईचा पावसाळा चार महिन्यांचा. कपडे वाळत नाहीत, तशी नायलॉनची पट्टीही वाळत नाही. भिजलेलं मांजर स्वतःला चाटून कोरडं करतं, पण पट्ट्याखाली त्याची जीभ पोचत नाही. ऊब, ओल आणि घासलेली कातडी एकत्र आली की तिथे जिवाणू आणि यीस्ट वाढतात. मग पुरळ, वास, चिकट खपल्या. जुलै-ऑगस्टमध्ये दवाखान्यांत दिसणारं ओलं कडं बहुधा असं तयार झालेलं असतं.

तिसरं नुकसान वस्तूच्या रसायनाचं, आणि ते समजायला मराठी घरात लांब जावं लागत नाही. बेन्टेक्सच्या माळेनं मान खाजणं, स्वस्त कानातल्यानं पाळी सुजणं, घड्याळाच्या बकलाखाली लाल चट्टा उठणं हे अनेकांनी भोगलेलं असतं. त्यामागे बहुधा निकेल असतं. युरोपनं १९९४ मध्ये अंगाला लागणाऱ्या दागिन्यांतल्या निकेलवर मर्यादा घातली, ती याच त्रासामुळे. टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनानं कपाळावर पांढरा डाग पडतो, हे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवून ठेवलं आहे. कपाळावरचा तो डाग टिकलीएवढाच गोल असतो आणि मांजराच्या मानेवरचं कडं पट्ट्याएवढंच रुंद. ज्या आकाराची वस्तू, त्याच आकाराची जखम, ही स्पर्शाच्या ॲलर्जीची जुनी ओळख. पट्ट्यातलं काहीही तिचं कारण असू शकतं. बकलातलं निकेल, स्वस्त रंग, रबर किंवा क्रोमियम वापरून कमावलेलं कातडं. कोल्हापुरी वहाणांचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावण्याची रीत आहे. कारखान्यातलं बहुतेक कातडं क्रोमियमनं कमावतात, कारण ते काम लवकर होतं. दिसायला दोन्ही सारखंच मऊ. ॲलर्जी पहिल्या दिवशी दिसत नाही. शरीराला आधी त्या पदार्थाची ओळख व्हावी लागते, म्हणून पट्टा कित्येक महिने सुखानं घालून मग अचानक त्रास सुरू होतो आणि मालक म्हणतात, “पट्टा तर जुनाच आहे.”

सगळ्यात गंभीर प्रकरण पिसवा मारणाऱ्या पट्ट्याचं. तो अमेरिकेत १९६० च्या दशकात जन्मला. प्लास्टिकमध्ये डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक मुरवायचं, ते वाफेच्या रूपानं हळूहळू बाहेर पडत राहतं आणि गळ्यात घातलेली पट्टी महिनोन्‌महिने पिसवा मारत राहते, ही त्यामागची कल्पना. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला डायक्लोरव्हॉस ‘नुवान’ या नावानं परिचित आहे. पट्टे खपले आणि काही वर्षांतच, १९७० च्या सुमारास, तिथल्या पशुवैद्यकीय साहित्यात ‘पिसवांच्या पट्ट्यानं होणारा त्वचादाह’ अशी नवी नोंद झाली. मानेवर लाली, केस जाणं, कधी थेट व्रण. पट्टा काढला नाही तर जखम पसरत जायची. आधीच पातळ कातडी, त्यावर विष आणि वर घट्ट बकल. भारत सरकारनं २०१८ च्या आदेशानं डायक्लोरव्हॉससह अठरा कीटकनाशकांवर बंदी आणली. डायक्लोरव्हॉसची मुदत ३१ डिसेंबर २०२० ला संपली. आज दुकानांत येणारे पिसवांचे पट्टे वेगळ्या औषधांचे असतात आणि त्यातले काही मांजरासाठी तपासलेले आहेत. धोका उरतो तो कुत्र्याचा पट्टा मांजराला घालण्यात. कुत्र्याला चालणारं पर्मेथ्रिन मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाही. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं अमिट्राझही मांजरासाठी नसतं. अशा वेळी त्रास मानेपुरता राहत नाही. लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात.

हे सगळं खरं असलं तरी मानेवरचं प्रत्येक टक्कल पट्ट्याच्या माथी मारता येत नाही, आणि चांगला डॉक्टर तिथे घाई करत नाही. मांजराला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असेल तर पहिली खाज बऱ्याचदा डोकं आणि मानेलाच सुटते. लूत पडते ती नोटोएड्रिस नावाच्या किड्यानं, आणि तिची सुरुवात कानाच्या कडांपासून होऊन ती डोकं आणि मानेकडे येते. गजकर्ण तर पट्ट्याखालच्या ओलीत छान लपतं. फरक असा की घर्षणाचं टक्कल पट्ट्याची रेघ सोडत नाही आणि गजकर्ण किंवा लूत कुठलीच रेघ पाळत नाही. १९२५ मध्ये दोन फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं की वूड्स लॅम्पच्या जांभळट प्रकाशात गजकर्णाच्या काही बुरशींनी धरलेले केस हिरवट चमकतात. तो दिवा आजही दवाखान्यात वापरतात. चमक दिसली नाही म्हणून गजकर्ण नाही असं मात्र होत नाही. तेव्हा चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, बुरशी वाढवून पाहायची. मांजराचं गजकर्ण माणसालाही होतं, विशेषतः त्याला उशाशी घेऊन झोपणाऱ्या मुलांना. घरातल्या पोराच्या दंडावर गोल चट्टा आणि मांजराच्या मानेवर टक्कल एकाच आठवड्यात दिसलं, तर एकदा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या रुग्णाबद्दल सांगावं. औषधाच्या दुकानातून आणलेलं स्टिरॉइडचं मलम चोळणं हा इथला नेहमीचा आणि चुकीचा उपाय. त्यानं खाज दबते, बुरशी फोफावते, आणि मांजर ते मलम चाटून पोटात घेतं ते वेगळंच.

मग पट्टा घालावा की नाही? जगभरच्या मांजरपाळ्यांनी हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न पट्ट्याचं बकल बदलून केला. मांजर झाडावर, गजांत, जाळीत शिरतं. पट्टा अडकला तर फास बसतो, नाहीतर पुढचा पाय पट्ट्यातून आत जाऊन काखेत खोल जखम होते. म्हणून ओढ बसली की आपोआप सुटणारं बकल आलं. अमेरिकेत ५३८ मांजरांना सहा महिने पट्टे घालून केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास तीन चतुर्थांश मांजरांच्या गळ्यात पट्टा शेवटपर्यंत टिकला, आणि पाय किंवा पट्टा कुठेतरी अडकण्याचे प्रकार शंभरात तीन-चार मांजरांच्या बाबतीत झाले. म्हणजे पट्टा सरसकट घातक नाही. तो हलका असावा, सुटणारा असावा, पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं सहज जावीत, पिल्लाच्या बाबतीत ते माप दर आठवड्याला नव्यानं बघावं आणि पावसात घरी आल्यावर तो काढून ठेवावा. घराबाहेर न जाणाऱ्या मांजराला बहुतेक वेळ त्याची गरजच नसते.

मुंबईत मात्र ओळखीची गरज वाढते आहे. महापालिकेनं २०१९ मध्ये भटक्या मांजरांची नसबंदी सुरू केली. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचं टोक भूल उतरण्याआधी किंचित छाटतात. ती खूण दुरून दिसते, झिजत नाही, घासत नाही, पावसात भिजत नाही. कुत्र्यांच्या बाबतीत पट्टा पुन्हा पुढे आला. जुलै २०२३ मध्ये मुंबई विमानतळाच्या टर्मिनल १ बाहेरच्या वीस भटक्या कुत्र्यांना लस टोचून त्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे पट्टे घातले गेले. फोननं तो कोड वाचला की त्या कुत्र्याचं नाव, लसीकरण, नसबंदी, खाऊ घालणाऱ्याचा संपर्क समोर येतो. १८३२ साली ओट्यावरून उचलल्या गेलेल्या कुत्र्यांजवळ यातलं काहीच नव्हतं. पुणे महापालिकेनं २०२२ मध्ये पाळीव मांजरांनाही नोंदणी लागू केली. खूण कुठे करायची हा प्रश्न त्यामुळे आता मांजराच्या मालकापुढेही आला आहे. या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. एक गळ्यातलं, दुसरं कातडीखालचं. तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप खांद्यांच्या मधे सुईनं बसवली की ती जन्मभर राहते, फक्त ती वाचायला यंत्र लागतं. सोसायटीच्या वॉचमनजवळ ते नसतं, आणि म्हणून पट्टा अजून टिकून आहे.

या दोन्ही खुणांची सगळ्यात मोठी परीक्षा उपनगरांतल्याच एका मोठ्या मांजरानं दिली. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या वाचवण्यात आला. विद्या अत्रेय यांच्या पथकानं त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर बसवली आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. सुमारे १२० किलोमीटर चालत तो बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वयामुळे आणि शांत स्वभावामुळे त्याला ‘आजोबा’ हे नाव पडलं. पुढे त्याच्यावर मराठी चित्रपटही आला. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला, आणि त्याची ओळख पटली ती कातडीखालच्या मायक्रोचिपवरून.

नऊ वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्याच उद्यानात वनविभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटी-इंडिया यांनी ‘सावित्री’ या मादी बिबट्याच्या गळ्यात कॉलर बसवली. त्या वर्षात एकूण पाच बिबट्यांना अशा कॉलर लागल्या. एक कॉलर बसवण्याआधी कितीतरी गोष्टी ठरतात. जनावराचं वजन, वजनाच्या मानानं कॉलर किती जड, मान किती वाढेल, किती मोकळी जागा ठेवायची. ठरलेल्या काळानंतर ती आपोआप गळून पडावी अशी कळही तिच्यात बसवलेली असते, कारण पट्टा काढायला त्या जनावराला पुन्हा बेशुद्ध करणं हा त्याच्या जिवावरचा धोका मानला जातो.

उद्यानाच्या भिंतीपलीकडे, बोरिवली आणि मुलुंडच्या इमारतींत, चार किलोची मांजरं खिडकीत बसलेली असतात. त्यांच्या पट्ट्यात वेळेची कळ नाही. तिथे ती कळ घरातल्याच कुणाच्या तरी बोटांत असते. पावसाळ्याच्या एखाद्या संध्याकाळी ते मांजर मांडीवर येतं, बकल उघडतं, घुंगरू एकदा वाजून टीपॉयवर पडतं, आणि केसांत शिरलेली बोटं गळ्याभोवती सावकाश फिरतात. कुठे खरखरीत लागतंय, कुठे ओलं, कुठे हात लावताच मांजर मान आखडतं, हे बघत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्यावर फिरणारे हात हेच शोधत असतात.